वॅलग्रिंडची तक्रार आणि डेबियनमधल्या दोन ओळी

वॅलग्रिंड या, प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाने केलेली तक्रार खरी होती. हे प्रकरण समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. १३ मे २००८ रोजी डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमधला, किल्ल्यांचा अंदाज करता येऊ देणारा दोष जाहीर केला आणि जगभर सर्व्हर सांभाळणारी मंडळी किल्ल्या बदलायला धावली. तेव्हापासून ही घटना बहुतेक वेळा एकाच वाक्यात सांगितली जाते : कुणीतरी एका साधनाचं ऐकलं आणि सुरक्षेचा कोडच काढून टाकला. वाक्य खोटं नाही, पण त्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही. साधन नेमकं काय म्हणालं, ते कोडच्या कोणत्या ठिकाणी म्हणालं, ऐकणाऱ्याने पुढे काय विचारलं आणि ज्यांना विचारलं त्यांच्यासमोर किती माहिती होती, हे ओळीओळीने पाहिलं की प्रकरण वेगळं दिसू लागतं.

मी सी भाषेत काम करतो आणि वॅलग्रिंड हे माझ्या हाताखालचं सगळ्यात विश्वासू साधन आहे. त्याने माझे कित्येक बग पकडून दिले आहेत. म्हणूनच त्याच्या खऱ्या बोलण्यातून एवढं मोठं नुकसान कसं झालं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. टीममध्ये कुणी नवीन आलं आणि त्याने वॅलग्रिंड पहिल्यांदा चालवलं, की मी त्याला हेच प्रकरण सविस्तर सांगतो.

साधन काय पाहतं

सी भाषेत एखादा व्हेरिएबल किंवा बफर (मजकूर ठेवायची राखीव जागा) जाहीर केला म्हणजे त्यात शून्य असतंच असं नाही. स्थानिक व्हेरिएबलमध्ये किंवा नुकत्याच मागून घेतलेल्या मेमरीत आधीच्या कुठल्यातरी कामाचा उरलेला मजकूर पडून असतो. तो चुकून वाचला तर प्रोग्राम एका मशीनवर नीट चालतो, दुसऱ्यावर कोसळतो आणि डीबगर लावला की पुन्हा शहाण्यासारखा वागू लागतो. असे बग नुसत्या डोळ्यांनी शोधणं फार कठीण असतं.

नव्वदच्या दशकात यावर प्युरिफाय नावाचं विकतचं साधन होतं. ते रीड हेस्टिंग्ज यांच्या प्युअर सॉफ्टवेअर या कंपनीचं. हेच हेस्टिंग्ज पुढे नेटफ्लिक्सच्या संस्थापकांपैकी एक झाले. ओपनएसएसएलच्या कोडमध्ये या प्युरिफायचं नाव राहून गेलं होतं, आणि त्याचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे. ज्युलियन सीवर्ड यांनी वॅलग्रिंड लिहिलं, २००२ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि लिनक्सवर काम करणाऱ्या कुणालाही हे सामर्थ्य फुकट मिळालं. फायली दाबून लहान करणारं बीझिप२ हेसुद्धा सीवर्ड यांचंच काम.

वॅलग्रिंडमधलं मेमचेक हे मेमरी तपासणारं साधन तुमचा प्रोग्राम सरळ प्रोसेसरवर चालू देत नाही. ते तो स्वतःच्या कृत्रिम प्रोसेसरवर चालवतं आणि मेमरीतल्या प्रत्येक बिटासोबत एक सावलीचा बिट ठेवतं. मूळ बिटात कुणी जाणूनबुजून काही लिहिलं आहे की नाही, याची नोंद त्या सावलीत असते. एवढी नोंद ठेवायची म्हणजे प्रोग्राम वीस-तीस पट हळू चालणार. तरी ज्याला मेमरीतला बग सापडत नाहीये तो ही किंमत आनंदाने मोजतो.

आता कळीचा भाग. कोऱ्या, म्हणजे कुणी काही न लिहिलेल्या मेमरीची नुसती नक्कल केली तर मेमचेक गप्प राहतं. ते तसं असणंच योग्य आहे. सी मधल्या स्ट्रक्चरमध्ये मधेमधे रिकाम्या जागा असतात, त्यांची नक्कल रोज हजारो वेळा होते आणि त्यात गैर काही नसतं. तक्रार येते ती त्या मूल्यावर एखादा निर्णय घेतला जातो तेव्हा : एखादी 'जर-तर'ची अट तपासली, त्याचा पत्ता म्हणून वापर केला किंवा ते कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हवाली केलं. तोपर्यंत मूल्य जिथे जिथे मिसळेल तिथे तिथे सावलीतली 'कोरं' ही खूण पसरत जाते, हळदीचा हात लागेल ते पिवळं व्हावं तशी. दोन आकड्यांच्या बेरजेत एक कोरा असेल तर बेरीजही कोरी ठरते. त्या बेरजेचा हॅश (माहिती घोटून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) काढला तर अख्खा हॅश कोरा.

म्हणजे वॅलग्रिंड बोट दाखवतं ती जागा बहुतेक वेळा दोषाच्या उगमाची नसते, परिणामाची असते. दोन्हींत कितीही फंक्शनांचं अंतर असू शकतं. पुढे जे घडलं ते या अंतरात घडलं.

एकच वाक्य, दोन ठिकाणी

ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी. वेब सर्व्हर, ओपनएसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर), ओपनव्हीपीएन अशी असंख्य सॉफ्टवेअर तिच्या खांद्यावर उभी आहेत. किल्ली तयार करायची तर कुणालाही अंदाज करता येणार नाही असे आकडे लागतात. त्यासाठी लायब्ररीच्या आत रँडम बाइट्सचा एक साठा असतो. या साठ्याशी संबंधित दोन फंक्शनं त्या काळी 'एमडी रँड' नावाच्या फाइलमध्ये होती. पहिलं फंक्शन साठ्यात भर घालायचं : ऑपरेटिंग सिस्टिमकडून, फाइलमधून, जिथून मिळेल तिथून आलेले बाइट्स घ्यायचे आणि हॅशमधून घोटून साठ्यात मिसळायचे. दुसरं फंक्शन साठ्यातून बाइट्स काढून मागणाऱ्याला द्यायचं.

या दोन्ही फंक्शनांमध्ये एक ओळ अक्षरशः सारखी होती. त्या ओळीचा अर्थ एवढाच : 'बफर' नावाच्या जागेतले इतके बाइट्स हॅशमध्ये घाल. फंक्शनचं नाव तेच, व्हेरिएबलचं नाव तेच, अर्धविरामसुद्धा तोच.

अर्थ मात्र उलटे. भर घालणाऱ्या फंक्शनमध्ये 'बफर' म्हणजे आत येणारा कच्चा माल. साठ्यात जी काही अनिश्चितता येते ती सगळी या एका ओळीतून येते. ही ओळ बंद केली तर बाहेरून कितीही रँडम बाइट्स ओता, साठा जसाच्या तसा राहतो. काढणाऱ्या फंक्शनमध्ये 'बफर' म्हणजे मागणाऱ्याने उत्तरासाठी पुढे केलेली रिकामी जागा. ती भरण्याआधी तिच्यात जे काही पडलं असेल तेही जाता जाता मिसळून घ्यावं, मिळाली तर थोडी जास्त अनिश्चितता, असा तो विचार होता. इथली ओळ काढली तर जवळजवळ काही बिघडत नाही. ओपनएसएसएलच्या लेखकांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्या ओळीला 'प्युरिफाय'च्या नावाने एक अट लावली होती आणि शेजारी टिप्पणी लिहिली होती की प्युरिफाय इथे तक्रार करतं. तपासणी करताना त्या नावाने कंपाइल करा म्हणजे ती ओळ वगळली जाईल, अशी सोय होती. पहिल्या ओळीला अशी अट नव्हती, आणि असायलाही नको होती.

मग पहिल्या ओळीवर वॅलग्रिंडने तक्रार का करावी? उत्तर तिसऱ्याच फाइलमध्ये आहे. रँडम बाइट्सची फाइल वाचणारं एक फंक्शन होतं. ते एका बफरमध्ये फाइलचा तुकडा वाचायचं. समजा हजार बाइट्स मागितले आणि फाइल सहाशेवरच संपली, तर बफरचे शेवटचे चारशे कोरेच राहतात. तरी ते फंक्शन पूर्ण हजार बाइट्स साठ्याकडे पाठवायचं. ही नजरचूक नव्हती. वाचलेली लांबी कमी असली तरी पूर्ण बफर वापरा, अशी टिप्पणी त्या जागी लिहिलेली होती. हेतू तोच, जमलं तर थोडी जास्तीची भेळमिसळ.

झालं असं की हे कोरे बाइट्स पहिल्या ओळीतून साठ्यात शिरले, खूण पसरत पसरत अख्खा साठा कोरा ठरला, साठ्यातून निघालेली प्रत्येक किल्ली कोरी ठरली आणि त्या किल्लीवर आधारलेला प्रत्येक निर्णय तक्रारीला पात्र झाला. ओपनएसएसएल वापरणारा कुठलाही प्रोग्राम वॅलग्रिंडखाली चालवावा तर इशाऱ्यांची रांग लागायची, आणि त्या गर्दीत स्वतःच्या प्रोग्राममधला खरा बग दिसायचाच नाही. ज्याने हा त्रास काढला आहे त्यालाच डेबियनमध्ये ही तक्रार का नोंदवली गेली ते कळेल. माझी सहानुभूती त्या तक्रार करणाऱ्याकडे आहे. त्याचं मागणं रास्त होतं.

एप्रिल-मे २००६

तक्रार डेबियनच्या बग नोंदीत एप्रिल २००६ मध्ये आली. पॅकेज सांभाळणाऱ्याने कोडमध्ये मूळ शोधत जाऊन या दोन ओळी गाठल्या. इथवर काम चोख होतं. तक्रारी बंद करायच्या तर याच दोन ओळी बंद कराव्या लागतील, हा त्याचा निष्कर्षही यांत्रिक दृष्टीने बरोबर होता. आणि त्याने गुपचूप काही केलं नाही. १ मे रोजी ओपनएसएसएलच्या डेव्हलपर मेलिंग यादीवर त्याने सगळं लिहिलं : वॅलग्रिंड असं असं म्हणतं, ओळ २४७ आणि ओळ ४६७ या त्या दोन ओळी, त्या बंद करणं मला सगळ्यात बरं दिसतं, पण रँडम आकड्यांवर याचा नेमका काय परिणाम होईल याची मला कल्पना नाही, तुमचं मत काय?

हे पत्र मी अनेकदा वाचलं आहे. प्रामाणिक पत्र आहे ते. आपल्याला काय ठाऊक नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे, आणि हे लिहायला धैर्य लागतं. पण पत्रात दोन ओळी शेजारी शेजारी मांडल्या होत्या, त्या कुठल्या फंक्शनांतल्या आहेत ते नव्हतं. आजूबाजूचा कोड नव्हता. एका ओळीजवळ प्युरिफायची अट आणि टिप्पणी दिसत होती. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच येणार की ही तीच जुनी, माहितीतली भानगड, आणि दुसरी ओळही तिच्यासारखीच. यादीवर उत्तर आलं ते याच अर्थाचं : डीबगिंगला मदत होत असेल तर त्या काढण्याच्या बाजूने मी आहे.

या उत्तरातला 'डीबगिंगला' हा शब्द मला निर्णायक वाटतो. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा तपासणीपुरतं केलेलं बिल्ड होतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाखो मशीनवर जाणारं पॅकेज होतं. दोघे एकाच ओळीबद्दल बोलत होते आणि वेगवेगळ्या गोष्टींना होकार देत होते. पत्रात 'मी हा बदल डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सगळ्यांसाठी पाठवणार आहे' एवढं एक वाक्य असतं, तर कुणीतरी फाइल उघडून पाहिली असती असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही ओळी टिप्पणीत टाकल्या गेल्या, म्हणजे बंद केल्या गेल्या. वॅलग्रिंड शांत झालं. बग बंद झाला. बदल मूळ प्रकल्पाकडे पॅच म्हणून परत गेला नाही, तो डेबियनच्या पॅकेजमध्येच राहिला. ज्या लोकांना साठ्याची रचना तोंडपाठ होती त्यांच्या नजरेखालून तो प्रत्यक्ष बदलाच्या रूपात कधी गेलाच नाही.

काय उरलं

१७ सप्टेंबर २००६ रोजी ०.९.८सी-१ ही आवृत्ती डेबियनच्या अस्थिर शाखेत चढली. एप्रिल २००७ मध्ये 'एच' ही स्थिर आवृत्ती आली आणि दोष सर्व्हरांवर पोहोचला. डेबियनवर बेतलेल्या उबंटूच्या ७.०४, ७.१० आणि ८.०४ या आवृत्त्यांतही तो आला. त्या वर्षांत आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत उबंटूच्या फुकट सीडी पोस्टाने यायच्या. लिनक्सची पहिली ओळख त्या सीडीवरून झालेले कितीतरी जण आज या क्षेत्रात आहेत, आणि त्यांनी तेव्हा हौसेने केलेली पहिली एसएसएच किल्ली बहुधा याच दोषातून निघालेली होती.

साठ्यात भर घालणारी ओळ बंद झाल्यावर काय उरलं? प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रामला सिस्टिमने दिलेला आकडा. काढणारं फंक्शन बाइट्स देण्याआधी चालू प्रोसेसचा क्रमांक वेगळ्या ओळीने हॅशमध्ये मिसळत असे. त्या ओळीवर वॅलग्रिंडची काही हरकत नव्हती, म्हणून ती वाचली. लिनक्सवर हा क्रमांक सर्वसाधारणपणे १ ते ३२,७६७ एवढाच असतो. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका प्रकारची आणि एका लांबीची किल्ली करायची तर निकाल फक्त बत्तीस हजार सातशे सदुसष्टांपैकी एक. मशीन ३२ बिटांचं की ६४ बिटांचं, जुनी रँडम फाइल आहे की नाही, अशा गोष्टींनी संच थोडे वाढतात, पण तरीही सगळे संच आधीच करून ठेवता येतात. दोष जाहीर झाल्यावर सुरक्षा संशोधक एच. डी. मूर यांनी तसे तयार किल्ल्यांचे संच प्रसिद्धच केले. जी २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही असं आपण शिकवतो, ती एका यादीत शोधण्याइतकी सोपी झाली.

डीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीतल्या किल्ल्यांची गत त्याहून वाईट, आणि हा भाग पुष्कळ वेळा सांगायचा राहून जातो. डीएसएमध्ये प्रत्येक सही करताना एक नवा गुप्त रँडम आकडा लागतो. तो एकदा जरी ओळखता आला तर त्या एका सहीवरून साध्या बीजगणिताने खासगी किल्ली काढता येते. म्हणजे तुमची डीएसए किल्ली दुसऱ्या, निर्दोष मशीनवर तयार झालेली असो, ती दोष असलेल्या डेबियनवर सहीसाठी वापरली असेल तर तिलाही धोका होता. डेबियनच्या जाहीर सूचनेत हे स्पष्टपणे लिहिलं होतं : अशा सगळ्या डीएसए किल्ल्या फुटलेल्या समजा. जीएनयूपीजी आणि जीएनयूटीएलएस ही एन्क्रिप्शनची सॉफ्टवेअर स्वतःची वेगळी व्यवस्था वापरत असल्याने त्यांच्या किल्ल्या सुटल्या.

वीस महिने कुणाला का कळलं नाही

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा प्रश्न हा आहे. पॅकेज चालत होतं. किल्ल्या बनत होत्या, लॉगिन होत होतं, वेबसाइटच्या चौकटीत कुलूप दिसत होतं. साठ्यातून निघणारे बाइट्स हॅशमधून आलेले असल्याने दिसायला पूर्ण रँडम. शून्य-एकाचं प्रमाण मोजा, लागोपाठच्या आवर्तनांची चाचणी घ्या, सगळ्यात उत्तीर्ण. रँडमपणाची चाचणी घेणारी कुठलीही संख्याशास्त्रीय पद्धत आउटपुटकडे पाहते. दोष इनपुटमध्ये होता.

एका मशीनवर किल्ल्या पुन्हा पुन्हा तयार करून तुलना केली असती तर? तरी लवकर काही कळलं नसतं. प्रोसेसचे क्रमांक ओळीने वाढत जातात. ते सगळे संपून पुन्हा सुरुवातीपासून मोजणी येईपर्यंत प्रत्येक वेळी नवा क्रमांक, म्हणून नवी किल्ली. दोष उघडा पडला असता तो वेगवेगळ्या मशीनवरच्या किल्ल्या एकत्र आणून. गणित करून पाहिलं तर क्रमांक सरसकट सारख्या शक्यतेने पडतात असं धरून, सुमारे २१३ मशीनवरून एकेक किल्ली आणली की त्यात दोन अगदी सारख्या निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते. प्रत्यक्षात क्रमांक काही पट्ट्यांतच जास्त पडतात, त्यामुळे त्याहून कमी मशीन पुरली असती. एखाद्या मोठ्या होस्टिंग केंद्रात ही तपासणी दुपारभरात झाली असती. पण दोन अनोळखी माणसांच्या किल्ल्या सारख्या आहेत का, हे तपासायचं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण तसं होऊच शकत नाही हे गृहीत धरूनच तर सगळी व्यवस्था उभी होती.

दोष शेवटी शोधला तो लुसियानो बेलो या डेबियनच्याच अर्जेंटिनातल्या डेव्हलपरने. सूचनेचा क्रमांक डीएसए-१५७१ (इथे डीएसए म्हणजे डेबियनची सुरक्षा सूचना, किल्लीचा प्रकार नव्हे), आणि सार्वत्रिक नोंद सीव्हीई-२००८-०१६६. उबंटू ८.०४ तेव्हा बाहेर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

पॅकेज अद्ययावत करणं सोपं होतं, एका आदेशाचं काम. अवघड होतं ते पुढचं. दोष कोडमधून गेला तरी त्याने आधीच घडवलेल्या किल्ल्या जिथे आहेत तिथेच राहतात. त्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सर्व्हरवर परवानगीच्या यादीत लिहिलेल्या असतात, प्रमाणपत्रांत सही होऊन बसलेल्या असतात, राउटरमध्ये कॉपी झालेल्या असतात. डेबियन आणि उबंटूने कमकुवत किल्ल्यांच्या याद्या पॅकेजमध्येच घालून दिल्या आणि ओपनएसएसएच त्या किल्ल्या नाकारू लागलं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच होतं. लोकांनी आपणहून किल्ल्या बदलण्याची वाट न पाहता दारच बंद केलं.

दोष कुणाचा, यापेक्षा तुटलं कुठे

त्या आठवड्यात वाद भरपूर झाला. ओपनएसएसएलच्या बाजूने म्हटलं गेलं की पॅकेज करणाऱ्यांनी मूळ कोडला हातच का लावावा, आणि खऱ्या लेखकांपर्यंत पोहोचायची जागा ती यादी नव्हतीच. डेबियनच्या बाजूने म्हटलं गेलं की विचारलं होतं, होकार आला होता, आणि नावात 'डेव्हलपर' असलेल्या यादीवर विचारायचं नाही तर कुठे? मला डेबियनचं हे म्हणणं जास्त पटतं. बाहेरच्या माणसाने दार ठोठावलं ते चुकीचं आहे हे त्याला दारावरच कळायला हवं होतं. पण त्याचबरोबर, जो कोड आपल्याला समजत नाही असं आपण स्वतः लिहितो, तो कोड एका त्रोटक होकारावर बदलून पाठवू नये, हेही मला तितकंच पटतं.

ओपनएसएसएलच्या लेखकांकडेही बोट दाखवायला हवं, आणि ते पुरेसं दाखवलं गेलं नाही. कोऱ्या मेमरीतून अनिश्चितता मिळवण्याची कल्पनाच वाईट होती. तिच्यात बहुतेक वेळा अनिश्चित काही नसतंच. त्याच प्रोग्रामच्या आधीच्या कामाचा तोच मजकूर तिथे पुन्हा पुन्हा पडतो. मिळकत शून्याच्या जवळ, आणि किंमत म्हणून लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाचं वॅलग्रिंड निकामी. शिवाय 'इथे प्युरिफाय तक्रार करतं' ही टिप्पणी वाचणाऱ्याला काय होतं ते सांगते, का ते सांगत नाही. 'ही ओळ काढली तरी चालेल, वरची मात्र कधीच काढू नका' एवढं लिहिलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आज अशी तक्रार माझ्या टेबलावर आली तर मी काय करेन, हे मी नव्या मुलांना करूनच दाखवतो. पहिलं काम म्हणजे उगम शोधणारा पर्याय चालू करणं. कोरं मूल्य मुळात कुठे जन्मलं हे मेमचेक सांगू लागलं जानेवारी २००९ च्या ३.४.० या आवृत्तीपासून, म्हणजे या प्रकरणानंतर काही महिन्यांनी. २००६ मध्ये ही सोय नव्हती, तो शोध हातानेच घ्यावा लागायचा. ही सोय असती तर बोट साठ्याकडे न जाता त्या अर्धवट भरलेल्या बफरकडे गेलं असतं. आणि तिथला उपाय किती छोटा होता पाहा : साठ्याकडे मागितलेली लांबी पाठवण्याऐवजी वाचलेली लांबी पाठवायची. एका व्हेरिएबलच्या जागी दुसरं. सहाशे बाइट्स आले, सहाशेच मिसळले. तो उगम तिथल्या तिथे बंद आणि साठ्याला हात लावायची गरज नाही.

ते जमत नसेल, कारण कोड दुसऱ्याचा आहे, तर वॅलग्रिंडलाच समजावून सांगायची सोय आहे. दाबायच्या तक्रारींची एक फाइल लिहिता येते : अमुक फंक्शनमधून येणारा अमुक इशारा दाखवू नकोस. किंवा कोडमध्ये एक खूण घालून सांगता येतं की ही मेमरी भरलेली समज. सामान्य वेळी प्रोग्राम चालताना ती खूण काहीच करत नाही. या दोन्ही वाटांनी तक्रारींची गर्दी हटते आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रोग्रामचं वागणं बदलत नाही. मी नेहमी या क्रमाने जातो : आधी उगम, मग साधनाची समजूत, आणि चालू कोडमधली ओळ काढणं सगळ्यात शेवटी, तेही ती ओळ ज्या फंक्शनमध्ये आहे ते पूर्ण वाचून. दाबलेल्या प्रत्येक तक्रारीशेजारी तिचं कारण पूर्ण वाक्यात लिहायचं, हा आमच्याकडचा कडक नियम आहे.

वॅलग्रिंडवर माझा राग नाही, उलट या प्रकरणाने त्याच्याबद्दलचा आदर वाढला. त्याने विचारलेला प्रश्न योग्य होता : या मूल्याला आधार काय? साठ्याच्या बाबतीत तर तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. फक्त वॅलग्रिंड शांत होणं म्हणजे प्रश्नाला उत्तर मिळणं, असं २००६ मध्ये धरलं गेलं. दोन्ही ओळी काढल्यावर त्याला दिसत होतं ते एवढंच, की आता कोरं काही मिसळत नाही. आता काहीच मिसळत नाही हे पाहणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

ओपनएसएसएलने सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या १.१.१ आवृत्तीत रँडम आकड्यांची अख्खी व्यवस्था नव्याने लिहिली आणि जुनी 'एमडी रँड' फाइल इतिहासजमा झाली. किल्ल्या मात्र तशा जात नाहीत. २००८ मध्ये दोष जाहीर झाल्यापासून चौथ्या दिवशी संशोधकांनी वेब सर्व्हरांची मोजणी सुरू केली, तेव्हा कमकुवत किल्ली असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के जवळपास सहा महिन्यांनीही तशाच होत्या. २०१५ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरच्या खात्यांत अशा एसएसएच किल्ल्या सापडल्या आणि गिटहबला त्या रद्द कराव्या लागल्या. मे २०२४ मध्ये संशोधक हानो ब्योक यांनी ईमेलवर सही करणाऱ्या डीकेआयएम किल्ल्या तपासल्या. साडेतीन लाखांहून जास्त किल्ल्यांपैकी आठशेहून अधिक डेबियनच्या त्या यादीतल्या निघाल्या, दोष जाहीर होऊन सोळा वर्षं झाल्यावरही.